सात नंबरची खोड

१

कोठीवाला बसल्या जागी गेला. पिस्तुलं जमा करून घ्यायची त्याची खिडकी, खिडकीशेजारी पातळ फळ्यांची भिंत आणि भिंतीमागे त्याची खुर्ची. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी त्या फळ्यांतून एक गोळी आली आणि त्याच्या बरगड्यांत घुसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

गोळी कोणी झाडली, हे शोधायचं कामच नव्हतं. पहारेकऱ्यांच्या त्या प्रशिक्षण केंद्रात सहा शिकाऊ होते. त्यांतली एक बाई सात नंबरचं पिस्तूल हातात घेऊन खिडकीपाशी उभी होती आणि बाकीचे पाच जण तिच्या मागे रांगेत होते. पाचांनी पाहिलं, पाचांनी ऐकलं. पोलिसांनी ‘शिकाऊ महिलेचा निष्काळजीपणा’ असं लिहून कागद तयार ठेवले होते. मुख्यालयाकडून फक्त एक सही लागत होती, आणि ती करायला मला पाठवलं. सही करायला मला वेळ लागतो. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘खोदकाम खातं’ म्हणतात, ते मला माहीत आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण माझी निवृत्ती अजून दोन वर्षं लांब आहे.

आता तिथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नेमबाजी संपली की प्रत्येक जण पिस्तुलाची स्लाइड मागे ओढून अडकवून ठेवतो. वरचा भाग उघडा दिसला की पिस्तूल रिकामं आहे, हे लांबूनही कळतं. तसंच ते खिडकीपाशी आणायचं. तिथल्या ट्रेमधली एक रिकामी मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, घ्यायची, ती पिस्तुलाच्या मुठीत खालून बसवायची, अंगठ्याने बाजूचा खटका दाबून स्लाइड बंद करायची, नळीचं तोंड भिंतीलगतच्या लाकडी पेटीच्या भोकात धरायचं आणि एकदा चाप दाबायचा. टक्‌ असा आवाज येतो, आतली स्प्रिंग सैल होते आणि पिस्तूल जमा होतं. याला तिथे ‘दम सोडणं’ म्हणतात. पेटीत गच्च वाळू भरलेली असते, चुकून एखादी गोळी राहिलीच तर ती तिथेच जिरावी म्हणून.

त्या दिवशी मॅगझीन रिकामी नव्हती. आणि पेटीत वाळू नव्हती.

एक चूक मला पचते. एकाच दिवशी, वीतभर अंतरात दोन चुका मला जड जातात. मी सहीचं पेन परत पर्समध्ये ठेवलं आणि त्या बाईला बोलवा म्हणून सांगितलं.

२

तुकडीत तिला सगळे ‘हळूबाई’ म्हणत. चालणं हळू, बोलणं हळू, बूट बांधायला दोन मिनिटं. वय सव्वीस, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, तीन वर्षांची मुलगी. ती आली तेव्हा बरोबर सासू होती आणि सासूच्या कडेवर मुलगी. हळूबाई माझ्यासमोर बसली. सासू मात्र खोलीच्या पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

“काय झालं ते सांग. घाई नाही,” मी म्हटलं.

“मला घाई येतच नाही, मॅडम,” ती म्हणाली. विनोद करायचा तिचा विचार नव्हता. “माझी पाळी आली. उस्तादांनी मॅगझीन हातात दिली. मी ती बसवली.”

उस्ताद म्हणजे त्यांचा प्रशिक्षक. बावीस वर्षं तिथे आहे.

“ट्रेमधून तू उचललीस की त्यांनी दिली?”

“त्यांनीच दिली. ते म्हणतात मी उचलली. मला आठवतंय तसं सांगते.”

“बरं. बसवलीस. मग?”

“रोज ते मला ओरडायचे, हातात जीव नाही का, दणका देऊन बसव म्हणून. त्या दिवशी मी तळहाताने जोरात दणका दिला. आणि स्लाइड आपोआप बंद झाली.”

“तू खटका दाबला नाहीस?”

“नाही ना! अंगठा खटक्यावर नव्हताच. रोज पिस्तूल कुठलंही मिळो, सातसुद्धा, तो अंगठ्याने खूप जोर लावून दाबावा लागतो, नख दुखतं. त्या दिवशी हातच लावला नाही आणि धाडकन बंद. मी घाबरले. थांबले. म्हटलं, सर, ही आपोआप बंद झाली.”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, सात नंबरची खोडच आहे ती. दाब.” तिने उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत घट्ट धरली होती. खोलीत आल्यापासून तिने ती सोडली नव्हती. “मग मी दाबला.”

पलीकडे मुलगी कुरकुरायला लागली. आजीने डबा उघडून तिला भरवायला सुरुवात केली. हळूबाई अर्धवट उठली, तशी सासू तिकडूनच म्हणाली, “बस तू. मी देते.”

मी हळूबाईकडे पाहिलं.

“चार दिवस झाले,” ती खाली मान घालून म्हणाली. “म्हणतात, माणूस मारलेल्या हाताचा घास पोरीच्या तोंडात नको. आता इथून मला आत टाकणार. मग ती त्यांच्याजवळच वाढणार. तिला काय सांगतील माझ्याबद्दल?”

मला तिची फार दया आली. ते काही अहवालात लिहिता येत नाही. मी लिहिलं ते एवढंच, की स्लाइड आपोआप बंद झाली असं ती म्हणते, आणि हे तपासायला हवं.

पोलीस हवालदार दाराशी उभा होता. तो हसून म्हणाला, “मॅडम, सगळेच म्हणतात, आपोआप झालं.”

“सगळे म्हणतात ते मी ऐकत नाही. पण हे दुसरं कोणी म्हणालंय का?”

“हो. उस्तादही तेच म्हणतात,” हवालदार म्हणाला. “त्यांच्या जबानीत आहे की.”

३

उस्तादची जबानी मी तिथेच वाचली. अक्षर मोठं, ओळी किंचित वाकड्या. ‘मॅगझीन बसवताच स्लाइड आपोआप बंद झालेली मला दिसली. सात नंबरच्या पिस्तुलाची ही जुनी खोड आहे, त्यामुळे मला संशय आला नाही. मॅगझीन रिकामी आहे असे समजून मी तिला चाप दाबण्यास सांगितले.’

जबानी चांगली होती. एवढी चांगली की तीत बोट घालायला जागा नव्हती. ‘दाब’ म्हणाल्याचं त्याने लपवलं नव्हतं. पाच जणांनी ते ऐकलेलं असताना लपवणार तरी कसा? हळूबाईची चूक त्याने चूकच म्हटली होती, वर तिला थोडं सांभाळूनही घेतलं होतं. मेलेला माणूस त्याचा साडू होता, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. माणूस दुःखात आहे, असं सगळे मला कुजबुजत सांगत होते.

प्रत्यक्ष भेटला तेव्हा दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

“पेटीतली वाळू कुठे गेली?” मी विचारलं.

“आदल्या दिवशी गाड्यांच्या आवारात तेल सांडलं होतं. माणसं घसरायला लागली. मावशींना मीच म्हटलं, पेटीतली वाळू न्या. भरून घ्यायला साडूला सांगायचं राहिलं.” त्याने डोळे मिटले. “ते मला आयुष्यभर खाणार आहे.”

“आणि मॅगझीन?”

“ट्रेमध्ये रिकाम्या असतात. एखादीत गोळी राहिली असेल. तिने वजन बघायला हवं होतं. असो, आता तिला बोलून काय उपयोग?”

मावशी म्हणजे तिथल्या सफाईवाल्या बाई. त्या पायऱ्या पुसत होत्या, मी शेजारी उभी राहिले. तेलाचं खरं निघालं. वाळू उस्तादने न्यायला सांगितली तेही खरं निघालं.

“साडू-साडूंचं कसं होतं?” मी विचारलं.

“पंधरा दिवस झाले, एकमेकांशी बोलत नव्हते.” मावशींनी फडकं पिळलं. “मी काही कान देऊन ऐकत नाही हो. पण कोठीच्या मागेच माझी बादली असते. कोठीवाले म्हणाले, पहिल्या तारखेपर्यंत तू आपणहून सांग, नाहीतर मला सांगावं लागेल.”

“काय सांगायचं होतं?”

“ते नाही कळलं.” मग इकडेतिकडे बघून त्या म्हणाल्या, “पण मी उस्तादांना चहा हल्ली अर्धा कपच देते. भरून दिला की बशीत सांडतो. तेच म्हणाले, अर्धाच देत जा.”

कोठीवाला गेला त्या दिवशी सव्वीस तारीख होती.

आता माझ्याजवळ संशयापुरतं सगळं होतं. हात थरथरणाऱ्या माणसाला पिस्तूल शिकवायला कोणी ठेवत नाही, आणि ते सांगणारा माणूस बरोबर पहिल्या तारखेच्या आत मेला. पण संशयावर कोणाला धरता येत नाही. वाळू सांगायची राहिली, गोळी राहून गेली, आणि पिस्तुलाची तर खोडच होती. राहून गेलेल्या गोष्टींसाठी माणूस फार तर बदनाम होतो.

मला एकच जागा तपासायची उरली होती. ती खोड खरी होती का? मी दुरुस्तीच्या खोलीकडे निघाले. दार आतून बंद होतं आणि आत कोणीतरी रडत होतं.

४

मिस्त्री रडत होता. पन्नाशीचा, भरदार मिशांचा, शस्त्रं दुरुस्त करणारा माणूस.

“मीच मारलं त्याला,” मला बघताच तो म्हणाला. “सात नंबर दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आलं होतं. खटका बदलायला हवा होता. सुटा भाग मिळेना, म्हणून कानस मारून परत दिलं. माझ्या आळसाने गेला बिचारा.”

“डोळे पुसा आणि मला दाखवा,” मी म्हटलं. “रडायला नंतर वेळ देते.”

सात नंबर पोलिसांच्या ताब्यात होतं. हवालदाराने ते आणलं आणि आमच्याबरोबर टेबलापाशी बसला. मिस्त्रीने चार खोटी काडतुसं मॅगझीनमध्ये भरली, आत दारू नसलेली, फक्त आकाराला खरी. स्लाइड मागे ओढून अडकवली. मॅगझीन हळूच सरकवली. काही झालं नाही. मग तळहाताने दणका दिला. खाड्‌! स्लाइड पुढे येऊन बंद. त्याने पिस्तूल मला दाखवलं. वरचं काडतूस नळीत जाऊन बसलं होतं.

“हे असं का होतं?” हवालदाराने खुर्ची पुढे ओढली.

“स्लाइडला एक खाच असते. हा खटका तिच्यात अडकून तिला मागे धरून ठेवतो. खटक्याची कड झिजली की पकड कमी होते. खालून दणका बसला की सगळं पिस्तूल हादरतं, खटका क्षणभर खाचेतून निसटतो आणि स्लाइड सुटते. नव्या पिस्तुलातही होतं कधीकधी, जोर जास्त असला तर. काही जणांना तर ते आवडतं, म्हणे वेळ वाचतो.”

आम्ही वीस वेळा केलं. दणक्याने वीसपैकी चौदा वेळा स्लाइड आपोआप बंद झाली. हळूबाई खरं बोलत होती. उस्तादही खरं बोलत होता. हवालदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की झालं का आता समाधान?

झालं नव्हतं. मला तिच्या बोलण्यातलं एक वाक्य टोचत होतं. रोज खटका दाबताना नख दुखतं, असं ती म्हणाली होती. एवढ्या झिजलेल्या खटक्याला इतका जोर का लागावा?

“मिस्त्री, काडतुसं काढा. रिकामी मॅगझीन घाला. आता द्या दणका.”

त्याने दिला. स्लाइड हलली नाही.

“पुन्हा.”

पुन्हा नाही. त्याने पाच वेळा दिला, मग हवालदाराने दिला, त्याने तर टेबल हलेल असा दिला. वीस झाले, चाळीस झाले. एकदाही नाही.

“होणारच नाही,” मिस्त्री म्हणाला. तो एव्हाना रडायचं विसरला होता. “मॅगझीनमध्ये गोळ्यांना वर ढकलणारी एक पट्टी असते. गोळ्या संपल्या की ती पट्टी पार वर येते आणि खालून खटक्याला रेटून धरते. शेवटची गोळी उडाली की स्लाइड उघडी राहते ती त्यामुळेच. रिकामी मॅगझीन घातली की खटक्याला खालून टेकू मिळतो. मग कितीही हाणा, तो निसटायचा नाही. अंगठ्याने जोर लावूनच दाबावा लागतो.”

“म्हणजे दणक्याने स्लाइड बंद झाली, तर मॅगझीनमध्ये गोळी आहेच?”

“या पिस्तुलात तरी आहेच, मॅडम. शंभर टक्के.”

हवालदाराने टोपी काढून टेबलावर ठेवली.

“हे हळूबाईला माहीत असेल?”

“छे! तीन आठवड्यांची शिकाऊ ती. तिला कोण सांगणार?”

“मग कोणाकोणाला माहीत आहे?”

मिस्त्रीने खण उघडला आणि तारेला बांधलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चाळायला घेतल्या. सात नंबरची चिठ्ठी सापडली तशी त्याने ती वाचली आणि माझ्या हातात दिली. अक्षर मोठं होतं. ओळी किंचित वाकड्या होत्या.

५

उस्ताद आला तेव्हा हात खिशातच होते. मी त्याच्यापुढे त्याची जबानी ठेवली.

“यात काही बदलायचंय?”

“नाही.”

“स्लाइड आपोआप बंद झालेली तुम्ही स्वतः पाहिली?”

“पाहिली.”

“ती म्हणाली, सर, ही आपोआप बंद झाली. तुम्ही म्हणालात, खोड आहे, दाब.”

“हो. तेच तर लिहिलंय.”

मग मी चिठ्ठी वाचली. “पिस्तूल नंबर सात. भरलेली मॅगझीन जोरात बसवल्यास स्लाइड आपोआप बंद होते. रिकाम्या मॅगझीनने वीस वेळा पाहिले, एकदाही झाले नाही. खटका तपासावा. खाली सही तुमची आहे.”

त्याने चिठ्ठीवर नजर टाकली. “दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. विसरलो असेन.”

“वाळू विसरलात, मी मानलं. ट्रेमध्ये गोळी राहिली, तेही मानलं. पण हे नाही मानता येत. तिने विचारल्याबरोबर तुमच्या तोंडून खोड हाच शब्द निघाला. खोड आठवली, आणि ती फक्त गोळी असताना निघते, तेवढंच विसरलात? वीस दणके तुम्ही स्वतःच्या हाताने मोजले होते.”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

“भरलेली मॅगझीन तुम्ही तिच्या हातात दिलीत, पण सात नंबर तिच्या वाट्याला येईल हे तुम्हाला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. “पिस्तुलं कोठीवाला वाटायचा. दुसरं कुठलंही असतं तर स्लाइड उघडीच राहिली असती, तिने रोजच्यासारखा खटका दाबला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. पण सात नंबरने सगळ्यांदेखत सांगितलं, की माझ्यात गोळी आहे. ते कळणारा तिथे एकच माणूस होता. चूक झाली असती, तर त्याने ओरडून तिचा हात धरला असता. तुम्ही ‘दाब’ म्हणालात.”

“बावीस वर्षं,” तो शेवटी म्हणाला. खिशातून हात बाहेर काढून त्याने टेबलावर ठेवले. उजवा हात सतत थरथरत होता, आणि त्याखालचा कागद सळसळत होता. “मला दुसरं काही येत नाही. त्याला म्हटलं, वर्षभर गप्प राहा, मुलीचं लग्न होऊ दे. म्हणाला, शिकाऊ पोरांच्या जिवाशी खेळ होतोय. माझ्याच ताटाला ताट लावून जेवणारा माणूस.”

“आणि ही बाईच का?”

“ती काही विचारत नाही. कोणाशी बोलत नाही. सांगितलं तेवढं करते, असं वाटलं होतं.”

“तिने विचारलं,” मी म्हटलं.

हवालदाराने त्याला धरलं तेव्हा त्याने काही केलं नाही. दारातून जाताना फक्त एवढं म्हणाला, की बायकोला इतक्यात तिच्या बहिणीकडे, साडूच्या घरी, पाठवू नका. मला त्या क्षणी त्याचा राग येत नव्हता. राग गाडीत बसल्यावर आला, आणि बराच वेळ टिकला.

६

हे सगळं हळूबाईला सांगायचं काम पोलिसांचं होतं, पण त्यांच्यावर सोडावंसं मला वाटलं नाही. दुपारी ती त्याच खोलीत बसली होती, सासू त्याच लांबच्या बाकावर. मी मुद्दाम मोठ्याने बोलले, म्हणजे बाकापर्यंत ऐकू जावं. वाळू, गोळी, खटका, चिठ्ठी, सगळं. तिच्यावरचा आरोप मागे घेतला जाणार, हेही सांगितलं.

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने बराच वेळ विचार केला, तिच्या पद्धतीने.

“पण बोट माझंच होतं ना, मॅडम?”

“हो,” मी म्हणाले. खोटं बोलून तिचं भलं झालं नसतं. “बोट तुझंच होतं.”

“मी अजून थोडी थांबले असते तर?”

“तू थांबली होतीस. तुझ्यामागे पाच जण उभे होते, त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात काही आलं नाही. काहीतरी वेगळं झालंय, हे तुझ्या एकटीच्या लक्षात आलं आणि तू विचारलंस. ज्याला विचारलंस त्याला खरं माहीत होतं, आणि तो खोटं बोलला. आणखी कोणाला विचारणार होतीस?”

ती रडली नाही. मुठीतून तिने ती तर्जनी सोडली. बोट पांढरं पडलं होतं.

बाकावर सासू उठून उभी राहिली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. ती सगळी खोली ओलांडून आली आणि सुनेसमोर उभी राहिली. मला वाटलं काही बोलेल, माफी मागेल, निदान रडेल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“घे हिला,” ती सुनेला म्हणाली. “माझा खांदा भरून आलाय.”

हळूबाई बसूनच राहिली.

“अगं घे ना. उठली की भूक म्हणेल. डब्यात भात आहे, तूच भरव. माझ्या हातचा ती चार दिवस नीट जेवलीच नाहीये.”

हळूबाईने दोन्ही हात कपड्यांना पुसले आणि मुलीला घेतलं.